धुक्यातले ठोके

एलादियाने पाइनच्या बुंध्यावर काठीचे तीन ठोके दिले आणि श्वास रोखून धरला. उत्तर आले नाही. समोर धुके, मागे धुके. दहा पावलांवरचे झाडही दिसत नव्हते, आणि त्या धुक्यात कुठेतरी तिची सून एकटी होती.

स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या या रानात धुके उतरले की कोणी हाका मारीत नाही. हाक कड्यावर आपटते, भलत्याच बाजूने परत येते आणि ऐकणाऱ्याला दरीत घेऊन जाते. म्हणून ठोके. तीन म्हणजे, मी वाटेवर आहे, माझ्याकडे ये. दोन म्हणजे, तू वाट सोडली आहेस, जागची हलू नकोस, मी येते. एक म्हणजे, कळले, थांबले आहे. पाइनच्या वाळक्या सुयांचे भारे वाहणाऱ्या बायकांची ही रीत. एलादिया सातव्या वर्षापासून भारे वाहत आली होती, आणि एकच ठोका देण्याची वेळ तिने स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती. तो ठोका नवख्यांचा. गेली दहा वर्षे तो सुनेने, मायतेने द्यायचा, असे ठरूनच गेले होते.

मे महिन्याची तीन तारीख होती. या दिवशी बेटावरचा प्रत्येक क्रूस फुलांनी आणि दागिन्यांनी सजतो. डोंगराला वळसा घालणाऱ्या या वाटेवर तीन टोके आहेत. तिसऱ्या टोकावरचा क्रूस एलादियाच्या घराण्याचा. फुलांची टोपली मायतेच्या डोक्यावर, मोत्यांची माळ एलादियाच्या झग्याच्या खिशात, असा क्रम दर वर्षी असे. सासू पुढे, सून मागे.

दुसऱ्या टोकापर्यंत सारे रीतसर चालले होते.

“पाय उचल गं जरा,” एलादिया म्हणाली होती. “शहरातल्या फरशीवर फिरायला आली आहेस का?”

मायतेने टोपली खाली ठेवली आणि मानाचे ‘दोन्या’ लावूनच ती म्हणाली, “दहा वर्षं तुमच्या मागून चालतेय, दोन्या एलादिया. तुमची पाठ सोडून या डोंगरात मी काही बघितलेलंच नाही.”

“मग हो की पुढे! बघ डोंगर. आणि पोचलीसच क्रूसापाशी, तर बोलाव मला.”

मायतेने टोपली उचलली आणि ती गेली. मागे वळूनही पाहिले नाही. एलादिया मुद्दामच खडकावर बसली. गोफिओचा, म्हणजे भाजक्या धान्याच्या पिठाचा, मधात मळलेला गोळा तिने सावकाश खाल्ला. पोरीला जरा घाम फुटू दे, म्हणजे परत येईल मुकाट्याने. पोरगी आली नाही. धुके आले, रोजच्यापेक्षा तासभर आधी.

तेव्हापासून एलादिया चालत होती. तिसऱ्या टोकाच्या अलीकडे वाट कड्याला खेटून जाते, आणि तिथला लाकडी कठडा गेल्या हिवाळ्यातल्या पावसाने नेला होता. हे तिला ठाऊक होते. मायतेला ते सांगायचे राहून गेले होते. राहून गेले होते की सांगितले नव्हते? सकाळी तिच्या मुलाने, आयरामने दारात उभे राहून म्हटले होते, “आई, तिला सांभाळून आण हं.” “मला शिकवतोस?” असे म्हणून तिने त्याला गप्प केले होते. आता एकटीच त्याच्या दारात कशी उभी राहणार?

सुया घोट्यापर्यंत रुतत होत्या. यंदा कोणी गोळा केलेल्या दिसत नाहीत, तिने मनाशी म्हटले. दरीचा वारा नेहमी डाव्या गालाला लागतो. आज तो दोन्ही गालांना लागत होता. धुक्यात वाराही वेडा होतो. तिने पुढच्या बुंध्यावर हात ठेवला. वाटेवरची झाडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या काठ्यांनी कमरेच्या उंचीवर गुळगुळीत झालेली असतात. या झाडाची साल खवल्यांसारखी हाताला टोचली. तिचे तिकडे लक्ष नव्हते. ती कान देऊन ऐकत होती.

तिने पुन्हा तीन ठोके दिले. 

आणि उत्तर आले. लांबून, वरच्या अंगाने. ठक. ठक.

जिवंत आहे! आणि लगोलग एलादियाचा राग उसळला. दोन? जागची हलू नको, असे ही मला सांगते? दहा वर्षांत साधे तीन ठोके शिकता आले नाहीत या बाईला! तिने काठी गरागरा फिरवून तीन ठोके हाणले. माझ्याकडे ये, मूर्ख मुली, वाटेवर मी आहे.

ठक. ठक. सावकाश आणि ठाम. एलादिया स्वतः नवख्या बायकांना देत असे, अगदी तसे.

“येतेच थांब तुला शिकवायला,” ती पुटपुटली आणि तिने काठी पुढे टेकली.

काठी टेकली नाही.

तिने ती आणखी खाली नेली. हात खांद्यापासून सरळ होईपर्यंत नेली. खाली काहीच नव्हते. पायाखालच्या सुया हळूच सरकल्या, काही कड्यावरून गेल्या, आणि त्यांच्या पडण्याचा आवाज आला नाही. डाव्या गालाला वारा लागत होता. उजव्याही. तिने पायाच्या अंगठ्याने चाचपत पाठीमागचे झाड शोधले, त्याला पाठ लावली, आणि खरबरीत सालीवर तळहात दाबून धरला. या झाडाला कोणाची काठी कधी लागली नव्हती.

वरून पुन्हा आवाज आला. ठक. ठक. आता थोडा जवळून. मग थांबून उत्तराची वाट पाहणारी शांतता.

एलादियाने काठी उलटी धरली आणि बुंध्यावर एकच ठोका दिला.