मातीच्या मायची पिलं

चुडामण आबांनी केळीच्या बुडाशी फुटलेलं शेवटचं पील कापलं, विळा गवताला पुसला आणि समाधानाने कमरेवर हात ठेवले. आता कसं स्वच्छ दिसतं!

पण ही काही त्यांची शिरपूरकडची केळीची बाग नव्हती. धुळ्यातलं सार्वजनिक उद्यान होतं. समोर एका कुशीवर निजलेली, बैलगाडीएवढी लांब मातीची बाई होती. त्यांच्याच लेकीनं, मोहिनीनं, उन्हातान्हात राबून घडवलेली. तिच्या पोटात मोहिनीनं केळीचे कंद पुरले होते आणि त्यांना फुटलेली हिरवी पिलं कुशीला बिलगून उभी होती. संध्याकाळी ह्या शिल्पाचं उद्घाटन. आबा सकाळच्याच एसटीने येऊन टपकले. मोहिनी खुर्च्यांचं बघायला गेलेली, माळ्याचा विळा झाडाला टेकवलेला. केळीवाल्याला पील दिसावं आणि त्याचा हात गप्प बसावा, हे कसं व्हायचं?

मोहिनी परतली आणि कापलेल्या पिलांपाशी धावली.

"पोरी, पिलं मायना बठ्ठा जोर खाई टाकतस," आबा म्हणाले. "म्हनीसन काप्यात मी."

"आबा, ह्या मायले घड येतच नही," ती म्हणाली. "पिलंच शेतस तिले."

आबांचं तोंड उतरलं. लेकीचं कौतुक बघायला आलेल्या माणसानं तिच्या कामावरच विळा चालवला होता. मोहिनीनं कार्यक्रम रद्द करायला फोन काढला, पण लावलेला नंबर पुन्हापुन्हा तोडत राहिली. आबा तिच्याकडे पाठ करून त्या मातीच्या बाईसमोर जाऊन बसले. जेवायलाही उठले नाहीत.

ऊन कललं तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. सकाळी सपाट कापलेल्या बुंध्याच्या मधोमध काहीतरी वर आलं होतं. पांढरं, ओलं, पेरभर उंच. शेजारच्या बुंध्यातही तेच, त्याच्या पलीकडेही. आबांना डोळ्यांचा भरवसा वाटेना. त्यांनी गवताची एक काडी त्या कोंबाच्या टोकावर आडवी ठेवली आणि श्वास रोखून बघत राहिले. काडी हलत होती.

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. उभा जन्म पिलं कापण्यात गेला, पण कापलं की पुढच्या झाडाकडे. पंधरवड्यानं यावं, तर पील पुन्हा हजर. मध्ये काय घडतं ते थांबून कधी पाहिलंच नव्हतं.

"मोहिनी, हाई देख," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

ती आली, वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग हळूच आबांच्या शेजारी टेकली. फोन तिनं पिशवीत टाकून दिला.

पाहुणे आले. हार आले, फोटोवाला आला, माइक खरखरू लागला. बापलेक जागचे हलेनात. शेवटी प्रमुख पाहुणेच जवळ आले आणि कापलेल्या बुंध्यांकडे बघून घुटमळले. "शिल्प पूर्ण झालंय ना?"

आबांनी मान वर केली नाही, फक्त ओठांवर बोट ठेवून हाताने खाली बसायची खूण केली. "साहेब, उगामुगा बठा जराखा. जलम चालू शे."

पाहुणे इस्त्रीच्या कपड्यांनिशी गवतात बसले. त्यांच्यामागे बाकीचेही बसले. माइक कुणीतरी बंद केला.

वर सरकणाऱ्या कोंबावरची काडी एका बाजूला कलली, क्षणभर थांबली आणि खाली पडली. टाळ्या वाजवायचं कोणालाच सुचलं नाही.