चांदीची कुदळ

कोळशाचा धूर होतो म्हणून कोल्हापूरच्या प्रदूषण खात्याच्या साहेबांनी हुपरीत येऊन आदगोंडाची चांदी आटवायची भट्टी सील केली. पैंजणांचं काम थांबलं, हाताखालच्या बायका घरी बसल्या. "साहेब, पाटीभर तर कोळसा लागतोय ओ," आदगोंडा काकुळतीला आला. साहेब खेकसले, "त्या पाटीभरानंच हवेचं वाटोळं केलंय तुम्ही लोकांनी!"

पंधरवड्यानं तेच साहेब परत दारात. आवाजात नुसता गूळ. "आण्णा, अर्जंट काम आहे. सरकारनं कोळसा वाढवायचं ठरवलंय, तिकडं विदर्भात नवी खाण निघतेय. मंत्रीसाहेब पहिली कुदळ मारणार, ती चांदीची पाहिजे."

"करतो की," आदगोंडा सीलकडं बोट दाखवत म्हणाला, "पर चांदी कशावर आटवू? तुमच्या तोंडच्या वाफेवर?"

साहेबांनी सील स्वतःच्या हातानं टराटरा फाडलं. "कोळसा कमी पडला तर सांगा, पाठवून देतो."

चौथ्या दिवशी साहेबांनी कुदळ मखमलीत गुंडाळून गाडीत ठेवली, आणि जाता जाता भट्टीला नवं सील ठोकलं.