काडेचिराईताचं पाणी

आमच्या कुत्र्याच्या पिल्लाने, गोट्याने, सासऱ्यांच्या सागवानी खुर्चीच्या पायांची कुरतडून पार वाट लावली होती. माझा नवरा नितेश तर त्याला कुणाला तरी देऊन टाकायला निघाला होता. मी म्हटलं, "थांब रे. तू मुलुंडचा असशील, मी मालवणची आहे."

मी काडेचिराईत रात्रभर भिजत घातलं. ताप आला की आई पाजायची तेच. एक घोट घेतला की दिवसभर तोंड कडूजहर. ते पाणी मी खुर्चीला पायांपासून पाठीपर्यंत चोळलं आणि गोट्याला चघळायला रबरी हाड दिलं.

गोट्याने खुर्ची एकदाच चाटली, शिंकला आणि पळाला. त्यानंतर हाड सोडून कशाला तोंड लावलं नाही. खालच्या नलिनीकाकू मुद्दाम विचारायला आल्या, "जमवलंस कसं गं?"

जिंकले होते मी! रविवारी साजूक तुपातला शिरा केला.

"कडू लागतोय गं," पहिल्याच घासाला नितेश म्हणाला.

मी चाखला. झकास गोड होता.

"नाटकं पुरे. गोट्याने हार मानली, आता तूही मान."

"मानली, बाई!" म्हणत तो खुर्चीत टेकला.

तेव्हा मला खुर्चीचा हात दिसला. काल गुळगुळीत होता, आज कुरतडलेला. गोट्याचं तोंड तिथवर पोचतच नाही.

गोट्या माझ्या पायांमागे लपून थरथरत होता.

नितेश अजून हसत होता. त्याच्या पुढच्या दातांत सागवानाची ढलपी अडकली होती.