दोनशे पौंडांची चूक

"तेराशे दहा पौंड!" गोऱ्ह्याकडे नुसतं बघून डेलमार कुचेरा म्हणाला.

काट्यावर आकडा उमटला, तेराशे आठ.

"बघितलंस? चाळीस वर्षं झाली, ही नजर चुकलेली नाही. तुझं गणित काय म्हणतंय?"

"हजार पंच्याण्णव," जोलीन पुटपुटली.

विद्यापीठातून आलेल्या या पोरीने एक सूत्र बसवलं होतं. गोऱ्ह्याने खाल्लेला चारा घाला, वजन काढा. सप्टेंबरपासून दर महिन्याला ते सपशेल आपटत होतं, तेही दोनशेएक पौंडांनी. आज जमलं नाही तर तिचे प्राध्यापक संशोधनाचा विषयच गुंडाळणार होते. दोन वर्षं पाण्यात! तिचे डोळे भरून आले, आणि नेब्रास्काच्या त्या थंडीत ते पुसायचीसुद्धा पंचाईत.

"रडू नको गं. गुरं कागदावर वाढत नसतात. आता तो बाजारातला काटाच बघ, दर जनावरामागे दोनशे कमी दाखवतो. चोर आहेत लेकाचे!"

"डेलमार, कॉफी!" त्याची बायको आर्लिस कुंपणापाशी येऊन ओरडली.

डेलमार काट्याच्या फळीवरून खाली उतरला. आकडा धाडकन खाली आला. हजार शहाण्णव.

डेलमार पुन्हा वर चढला. तेराशे आठ. उतरला. हजार शहाण्णव.

"जनावर मागे सरकतं ना..." त्याचा आवाज खोल गेला. "म्हणून मी कायम मागे उभा राहतो."

जोलीनने आनंदाने अशी आरोळी ठोकली की गोऱ्हा बिचकला. बर्फातच बसकण मारून तिने वही उघडली आणि दर महिन्याचा फरक मांडला. एकशे शहाण्णव, एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे सात, दोनशे तेरा.

आर्लिस तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "डेलमार, डॉक्टरांना तर तू वजन एकशे ऐंशी सांगितलंस!"

"त्यात कोट धर की!"

"आणि नोव्हेंबरात ही एवढी उडी कसली गं?"

"थँक्सगिव्हिंगच्या मेजवान्या," जोलीन बोलून गेली.

"अस्सं! म्हणजे ते डबाभर 'कोलाचे', माझे गोड बन, कुत्र्याने नव्हते खाल्ले तर!"

डेलमार गोऱ्ह्याच्या शेपटीकडे बघत राहिला.

"पोरी, तुझं सूत्र याला लागू पडेल का? पुढच्या महिन्यात किती भरेल हा?" आर्लिसने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

जोलीनने डेलमारला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजरेने नव्हे, हिशेबाने.

"चारा किती घालणार, त्यावर आहे."

आर्लिसने कॉफीबरोबर आणलेल्या खाऊच्या डब्याचं झाकण घट्ट लावून टाकलं.