एकेचाळीस सेकंद

“एकेचाळीस!” घड्याळ बघून ठमी करवादली.

बाबांनी बटण दाबल्यापासून यंत्र सुरू व्हायला तेवढे सेकंद गेले होते. दाढी करून निघालेल्या मास्तरांनी जाता जाता मारलेल्या टोमण्याचं उत्तर बाबांच्या बोटांतच राहिलं. मास्तर केव्हाच रस्त्याला लागले होते.

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, त्याला वर्ष झालं. पण लेक वस्ताद. असली छोटी यंत्रं बनवणं हीच तिची नोकरी. ऑपरेशनआधी तिने बाबांना तासन्‌तास बोलायला लावून आवाज साठवून घेतला होता. बाबांनी टाइप करायचं, यंत्राने त्यांच्याच आवाजात बोलायचं. बाबांच्या सलूनमधलं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणे, “वा! हुबेहूब तुम्हीच!”

घोडं अडलं होतं जागेपाशी. त्या आवाजाने यंत्राची चिप जवळजवळ भरली होती. उरलेल्या जागेत बाकीची सगळी सिस्टिम ठमीने दाबून-दाबून कोंबली होती, आणि ती सुरुवातीला उलगडण्यातच वेळ जायचा. बॅटरी वाचवायला यंत्र सारखं बंद व्हायचं, म्हणजे दर वेळी तेच रामायण.

“अजून दोन सेकंद कमी करते, बाबा! बघाच तुम्ही!” ठमीला नुसता चेव आला होता.

बाबांनी दाढीच्या फेसात बोट बुडवलं आणि आरशावर लिहिलं, ‘माझा आवाज काढून टाक.’

“वेड लागलंय का तुम्हाला? तोच तर राहिलाय!”

बाबांनी तीच अक्षरं पुन्हा गिरवली. आवाजाची प्रत घरी होती, तरीही ठमीने एकदा बाबांकडे वळून पाहिलं. तिने लॅपटॉप जोडला, आवाज पुसला आणि सिस्टिम न दाबता ऐसपैस भरली. बोलायला कंपनीचा एक पत्र्यासारखा आवाज ठेवला. मग बटण दाबलं.

“चार! बाबा, चार सेकंद!” ती टुणकन उडालीच.

तेवढ्यात एक टकले कंडक्टर खुर्चीत येऊन बसले. “लवकर आटपा हं. कामं पडलीत.”

बाबांनी त्यांच्या गळ्यात फडकं बांधलं. मग बोटं धावली. “काळजी नको,” यंत्र किरकिरलं, “तुमच्या डोक्यावर काम उरलंय कुठे?”

बाकावरचे सगळे खो-खो हसले. कंडक्टर गळ्यातल्या फडक्यासकट ताडकन उठले. “माझं टक्कल काढता? आधी स्वतःच्या मिशा बघा!”

बाबांची बोटं पुन्हा धावली. वर्षभर सगळ्यांनी बाबांच्या आवाजाचं कौतुक केलं होतं. बाबांशी भांडणारा मात्र हा पहिलाच.