टू की ॲट

लेथवरच्या टर्नरच्या डोळ्यातलं रक्त थांबत नव्हतं आणि फोरमनला इंग्रजीची पडली होती.

“टू टाईप कर.” त्यानं टायपिस्टच्या खुर्चीला लाथ घातली. “थ्रू द स्पॅनर टू हिम. दवाखान्याची गाडी यायच्या आत अहवाल तयार पाहिजे.”

टायपिस्ट म्हणजे त्याची सख्खी धाकटी बहीण. अपघाताचा अहवाल मालकाला इंग्रजीतच लागे आणि तोच पुढे पोलिसांकडे जाई. अख्ख्या वर्कशॉपमध्ये इंग्रजी येणारी ती एकटी. दादाची मान तिच्या एका शब्दात अडकली होती.

तिनं ऑफिसच्या काचेतून सगळं पाहिलं होतं. जॉब बिघडला म्हणून दादानं आईवरून शिवी हासडली, मोठा पाना उचलला, टर्नरला हाक मारली आणि त्यानं मान वळवताच तोंडावर भिरकावला. आता टर्नर ऑफिसातल्याच बाकावर डोळ्याशी टॉवेल धरून पडला होता. टॉवेल मूळचा पांढरा होता हे सांगूनही पटलं नसतं.

“टू म्हणजे झेलायला दिला, दादा. मारायला फेकला तर ॲट.”

“मारायला कुठं? नुसता भेदरवायला फेकला. लागला त्याला मी काय करू?”

“लागला की चुकला, ॲटला त्याचं सोयरसुतक नसतं. नेम कुणावर होता, एवढंच.”

“मला शिकवतेस?” त्यानं तिच्या कानाखाली जाळ काढला. तिचं कपाळ कपाटाच्या कडेवर आपटलं. “चार बुकं शिकलीस ती कुणाच्या जिवावर?”

त्याच्याच जिवावर, यात खोटं काही नव्हतं. बाप गेल्यावर याच हातांनी तिच्या वह्यांना कव्हरं घातली होती. तिला त्याची भीती वाटली आणि त्याहून जास्त त्याची कीव आली. तिला रडावंसं वाटलं, पण बोटं कीबोर्डवरच राहिली.

“ताई,” बाकावरून टर्नर कण्हला, “साहेब म्हणतात तसंच लिहा. डोळा गेला तो गेला. नोकरी तरी राहू दे.”

“बघ! ज्याचं जळतंय तो गप्प, आणि तू कशाला मधे तडफडतेस?”

तिनं टाईप केलं. दादाला इंग्रजी येत नसलं तरी ए-बी-सी-डी येत होती. त्यानं पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. ए. टी.

टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक लोखंडी ठोकळा ठेवलेला असे. तो कधी त्याच्या हातात आला, ते तिला दिसलंच नाही. ती नुसती खाली वाकली. कानाला वारा घासून गेला आणि मागची काच खळकन फुटली. बाहेर एकेक मशीन बंद पडत गेलं. कामगार दाराशी गोळा झाले, पण आत यायची कुणाची छाती झाली नाही.

दादा स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघत उभा होता.

टर्नर धडपडत उठून बसला. रक्तानं दुसराही डोळा चिकटला होता, त्याला काहीच दिसत नव्हतं. “काय फुटलं? ताई, लागलं का हो तुम्हाला?”

तिनं केसांतल्या काचा झटकल्या आणि खुर्ची पुढं ओढली.

“नाही लागलं,” ती म्हणाली. “पण ॲटच.”