चाळीस सेंटीमीटर

चौथं झाड बघून तिघं पुन्हा गाडीत बसले, तेव्हा नवा वनपाल मागच्या सीटवरून म्हणाला, "आता शेवटचं, सर. दहा मिनिटांची चढण आहे, पण ते बघितलं की बाकीची विसराल."

निवृत्त वनपाल हसला. तोंडदेखलं. सकाळपासून तो असाच हसत होता. जंगलातला हा वळणावळणांचा रस्ता त्याच्या पायाखालचा, झाडं त्याच्या ओळखीची, आणि काल-परवा बदलून आलेला हा गडी त्यालाच ती दाखवत फिरत होता. गाडी बायको चालवत होती आणि दर वळणाला त्या गड्याचं कौतुक करत होती, तेही त्याला झोंबत होतं.

"उंची किती म्हणालात?" त्यानं पाचव्यांदा विचारलं.

"तुमच्या झाडापेक्षा चाळीस सेंटीमीटर कमी. थोडक्यात हुकलं."

हे ऐकलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. जंगलातलं सर्वांत उंच झाड त्यानं शोधलं होतं. सगळ्या नोकरीत त्याच्या नावावर दुसरं काही नव्हतं. बढती नाही, पदक नाही, एक झाड.

पायवाट संपली आणि नवं झाड समोर आलं. तिघांनी हाताला हात लावून कवेत घेतलं असतं, तरी निम्मं बाहेर राहिलं असतं. बायको मान वर करत करत मागे सरकली आणि शेंडा काही सापडेना म्हणून हसू लागली. तो वर बघतच नव्हता. त्याची नजर बुंध्यावर खिळली होती.

झाड उतारावर उभं होतं. वरच्या अंगाला, जिथं माती खोडाला टेकते तिथं, नव्या वनपालानं लाल रेघ मारली होती. तिथून शेंड्यापर्यंत मोजलं होतं त्यानं. खालच्या अंगाला जमीन चांगली दोन मीटर खाली होती. उतारावरच्या झाडाला दोन्हींच्या मधली पातळी धरायची असते. सपाटीवरच्या जंगलात नोकरी केलेल्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? म्हणजे झाड एक मीटरनं कमी भरलं होतं. चाळीस सेंटीमीटरनं हरलेलं झाड खरं तर साठनं जिंकत होतं.



"खरं सांगू, सर?" नव्या वनपालानं मोजणीचा कागद पुढे केला. खाली साक्षीदाराच्या सहीची जागा मोकळी होती. "आकडा आला तेव्हा मला हायसं वाटलं. तुमचं झाड मागं टाकणं माझ्या जिवावर आलं असतं."

हा माणूस जरा बढाईखोर असता तर किती सोपं झालं असतं. त्याच्या चांगुलपणाचाच निवृत्त वनपालाला जास्त राग आला. बायको एव्हाना वळसा घालून खालच्या अंगाला गेली होती. इतकी वर्षं मोजणीच्या फितीचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं. तिनं बुंध्याकडे पाहिलं, वर लाल रेघेकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे.

त्यानं पेन मागून घेतलं आणि सही ठोकली. वर कोणी न सांगता 'मोजणी अचूक' असंही लिहून दिलं.

उतरताना नव्या वनपालाला त्याच्या चौकीवर सोडलं. गाडीत दोघंच उरली.

"वरच्या अंगानं मोजलंय त्यानं," बायको म्हणाली.

"हो का?"

"तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही गं. हल्ली जरा अंधूकच दिसतं."

त्याच्या नजरेवर अख्खं खातं पैज लावायचं. बायकोनं गाडी हळू केली. समोर पन्नासेक पावलांवर, रस्त्याच्या कडेला, त्याच्या झाडाकडे जायची वाट दाखवणारी खात्याची पाटी होती.

"ती पाटी वाचता येते का तुम्हाला?"

वर 'सर्वांत उंच वृक्ष' असं लिहिलं होतं. मधे उंची, सेंटीमीटरसकट. आणि तळाशी बारीक अक्षरांत शोधणाऱ्याचं नाव. त्याला अक्षर न् अक्षर लख्ख दिसत होतं.

"नाही," तो म्हणाला.